तालुक्याच्या महाविद्यालयात नाव घालण्यापूर्वी

बारावीचा निकाल लागला की आमच्या पतसंस्थेच्या काउंटरवर ठेवींपेक्षा प्रवेशाचीच चौकशी अधिक होते. कोकण विभागीय मंडळ राज्यात पहिले आल्याची बातमी पेपरात आलेली असते (2012 पासून, म्हणजे या मंडळाचा निकाल स्वतंत्रपणे लागू लागल्यापासून, ती दरवर्षीच येते), पेढे वाटून झालेले असतात, आणि दुसऱ्याच दिवसापासून घरोघरी चर्चा सुरू होते की पोराला मुंबईला मामाकडे पाठवायचे की तालुक्याच्याच महाविद्यालयात नाव घालायचे. यंदा ही चर्चा माझ्या बहिणीच्या घरी झाली, कारण भाची बारावी झाली. मी स्वतः 2001 ते 2004 या काळात सिंधुदुर्गातल्या किनाऱ्यालगतच्या एका लहान महाविद्यालयातून बी.कॉम. केले असल्यामुळे मत देण्याची जबाबदारी माझ्यावर येऊन पडली. तिला तोंडी सांगितले ते इथे नीट लिहून ठेवते आहे.

पहिली गोष्ट अशी की, अशा महाविद्यालयाची इमारत पाहून काहीच कळत नाही. पोर्चमध्ये संस्थापकांचा पुतळा असतो, मागे जांभ्या दगडाचे गडगे आणि आंब्याची कलमे असतात, आणि माहितीपुस्तिकेत विषयांची लांबलचक यादी असते. विचारायचे ते एवढेच, की त्या यादीतील विषय शिकवायला सध्या कोण आहे? शहरातील मोठ्या महाविद्यालयात एक प्राध्यापक निवृत्त झाला तर दुसरा वर्गावर येतो. आमच्याकडे प्राध्यापक गेला की विषयच जातो. मी दुसऱ्या वर्षाला असताना अर्थशास्त्राची जागा रिकामी होती, आणि जुलैपासून दिवाळीपर्यंत आम्ही त्या तासाला आवारातल्या फणसाखाली बसून वरच्या वर्गातील एका मुलीच्या वहीवरून उतरवून घेत होतो. त्या वहीत मागणीचा वक्र उलटा काढलेला होता. तो आम्ही सगळ्यांनी तसाच उलटा उतरवला, आणि दिवाळीनंतर नवे सर आले तेव्हा पहिल्याच चाचणीत वर्गातल्या झाडून सगळ्या वह्यांना एकच चूक सापडली.

याची दुसरी बाजूही त्याच महाविद्यालयात पाहिली. तिसऱ्या वर्षाला आम्ही अवघे एकोणीस जण होतो, आणि हिशेबशास्त्राचे सर प्रत्येकाची सराव उत्तरपत्रिका घरी नेऊन ओळ न् ओळ तपासत. कोणाची बेरीज कुठे घसरते, कोण घसाऱ्याची नोंद विसरतो, कोणाला ताळेबंद जुळला नाही की रडू येते, हे सगळे त्यांना पाठ होते. माझ्या उत्तरपत्रिकेच्या समासात त्यांनी एकदा पेन्सिलीने लिहिले होते, ‘उत्तर बरोबर आहे, पण तुम्हाला ते आधीच माहीत होते असे वाटते.’ मी शेवटची रक्कम पुस्तकात पाहून मागून आकडे जुळवत आले होते, आणि ते त्यांनी आकड्यांच्या क्रमावरून ओळखले होते. दीडशे मुलांच्या वर्गात हे कोणाच्या लक्षात आले असते असे मला वाटत नाही. आज पतसंस्थेत कोणी असा मागून जुळवलेला हिशेब पुढे केला की तो मला लांबून दिसतो.

म्हणून प्रवेश अर्ज घेण्यापूर्वी आपल्या विषयाला कायम प्राध्यापक किती आणि तासिका तत्त्वावर किती, हे स्पष्ट विचारावे. तासिका तत्त्वावरील शिक्षकांना नावे ठेवण्याचे कारण नाही. त्यांतले बरेच जण नुकतेच नेट किंवा सेट (प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा) झालेले, ताज्या वाचनाचे आणि मन लावून शिकवणारे असतात. पण त्यांना मानधन तासावर मिळते, आणि मध्येच दुसरीकडे बरी नोकरी लागली तर ते जाणारच, त्यांनी का जाऊ नये? तशीच दुसरी चौकशी तुकडीची करावी. एकाच इमारतीत, कधी एकाच जिन्यावर, एक तुकडी अनुदानित असते आणि दुसरी विनाअनुदानित, आणि दोन्हींच्या शुल्कात मोठे अंतर असते. कॉमर्सला प्रवेश मिळाला म्हणून खूश होऊन घरी आलेल्या पालकांना पावती हाती पडेपर्यंत हा फरक माहीत नसतो, आणि मग ते कर्जाच्या चौकशीसाठी आमच्याकडे येतात. बीबीए, बीसीए, बीएमएस या नावाच्या अभ्यासक्रमांचे आणखी वेगळे आहे. त्यांना 2024 पासून सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, द्यावी लागते, त्यामुळे निकालानंतर जाग येऊन उपयोग नसतो.

विद्यापीठाविषयीही एक गैरसमज काढून टाकायला हवा. मुंबई विद्यापीठाची स्थापना 1857 ची, आणि त्याचे कार्यक्षेत्र मुंबईपासून ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी असे करीत थेट सिंधुदुर्गापर्यंत येते. कणकवलीहून फोंडा घाट चढून कोल्हापूर शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आहे आणि तिथे 1962 पासून शिवाजी विद्यापीठ आहे, पण आमचे विद्यापीठ चौपट अंतरावरचे. अंतराचा त्रास काय तो असो, फायदा असा की जे महाविद्यालय स्वायत्त नाही त्याचा अभ्यासक्रम विद्यापीठच ठरवते, आणि आमच्या तालुक्यातल्या मुलीच्या पदवीवर जे नाव छापले जाते तेच याच विद्यापीठाच्या चर्चगेटमधल्या महाविद्यालयातील मुलीच्याही पदवीवर असते. मुंबईच्या पदवीला वजन असते असे म्हणून पोराला दहा बाय दहाच्या खोलीत चार चुलतभावांबरोबर झोपवणाऱ्या पालकांनी हे एकदा लक्षात घ्यावे. मुंबईला पाठवण्याची इतर कारणे असू शकतात, उदाहरणार्थ सीएची तयारी किंवा आमच्याकडे नसलेला एखादा विषय. ती खरी आहेत.

आता एसटी. तालुक्याच्या महाविद्यालयाचे वेळापत्रक फळ्यावर लावलेले असले, तरी मुलांचे वेळापत्रक डेपोतच ठरते. आमच्या गावात रात्री वस्तीची गाडी येई आणि पहाटे सहाला सुटे. ती चुकली तर पुढची साडेनऊला, म्हणजे पहिले दोन तास गेलेच. त्यामुळे कोणता विषय पहिल्या तासाला आहे आणि शेवटची गाडी किती वाजता आहे, या दोन वेळांवर तुमचे खरे शिक्षण अवलंबून राहते. नाटकाच्या तालमी, प्रात्यक्षिके, व्याख्याने हे सगळे चारनंतर असते, आणि गाडी साडेपाचला सुटते. पासाचे गणितही बदलले आहे ते ध्यानात ठेवावे. मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत पास मिळतो, तो बारावीबरोबर संपतो. पुढे मुलगा असो की मुलगी, विद्यार्थ्याच्या मासिक पासावर 66.67 टक्के सवलत असते, म्हणजे तिसरा हिस्सा भरावा लागतो. मार्च 2023 पासून महिलांना तिकिटात 50 टक्के सवलत आहे हे खरे, पण रोज जाणाऱ्या मुलीने अर्ध्या तिकिटावर प्रवास करण्यापेक्षा पास काढावा. माझ्या भाचीने हा हिशेब स्वतः मांडून पाहिला आणि मगच तिचा विश्वास बसला.

एसटीवरून आठवले ते सांगितलेच पाहिजे. 2003 च्या डिसेंबरमध्ये मी तिसऱ्या वर्षाचा परीक्षा अर्ज भरला आणि ऐच्छिक विषयाच्या रकान्यात कराच्या पेपरऐवजी निर्यात विपणनाचा क्रमांक लिहिला. चूक सर्वस्वी माझी; पुस्तिकेतील वरची ओळ वाचायची ती खालची वाचली. संध्याकाळी दिवे गेलेले असताना आमचे भाऊसाहेब (आमच्याकडे कार्यालयातील लेखनिकाला भाऊसाहेबच म्हणतात) मेणबत्ती लावून सगळे अर्ज ताडून पाहत होते, कारण गठ्ठा दुसऱ्या दिवशी मुंबईला जायचा होता. त्यांना ती चूक दिसली. आमच्या घरी फोन नव्हता. त्यांनी स्टँडवर जाऊन आमच्या गावच्या वस्तीच्या गाडीच्या कंडक्टरला निरोप दिला, आणि रात्री साडेआठला तो कंडक्टर बॅटरी घेऊन आमच्या खळ्यात उभा राहिला. “भाऊसाहेबांनी सांगितल्यानी हा, चेडवाक उद्या पयल्या गाडयेन धाडा, सही ऱ्हवली.” आईला वाटले, मी काहीतरी भानगड केली. सकाळी मी खिडकीशी गेले तेव्हा भाऊसाहेबांनी अर्ज माझ्यापुढे सरकवला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, “गो बाय, ह्यो विषय हय शिकवता कोण? परीक्षेक काय लिवतलंस?” खाडाखोड करून शेजारी सही करायला दोन मिनिटे लागली. तो अर्ज तसाच गेला असता तर मला परीक्षेच्या दिवशी न शिकलेल्या विषयाची प्रश्नपत्रिका मिळाली असती.

आता अर्ज संगणकावर भरतात आणि चूक पकडायला मेणबत्तीशी बसलेले कोणी नसते. म्हणून अर्जाची छापील प्रत घेऊन प्रत्येक रकाना स्वतः वाचावा, आणि कार्यालयातील माणसांशी पहिल्याच महिन्यात ओळख करून घ्यावी. ती ओळख वशिल्यासाठी करायची नाही. शिष्यवृत्तीची मुदत, परीक्षेचे परिपत्रक, बोनाफाइडचा दाखला, हे सगळे त्या खिडकीतून बाहेर येते, आणि खिडकीतील माणसाला तुमचा चेहरा आणि वर्ग माहीत असेल तर बाजारात भेटल्यावरही तो थांबवून सांगतो.

शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटीच्या संकेतस्थळावर भरायचे असतात, आणि तिथे मुले अडतात ती कागदांपाशी. उत्पन्नाचा दाखला 31 मार्चपर्यंतच चालतो, त्यामुळे गेल्या वर्षीचा काढून ठेवलेला दाखला जूनमध्ये निरुपयोगी ठरतो. नवा एप्रिल-मे महिन्यातच काढावा, कारण जूनमध्ये तहसील कार्यालयात बसायला जागा नसते. जातीचा दाखला, जात पडताळणी आणि नॉन-क्रिमीलेअर हे तीन वेगळे कागद आहेत, हे दरवर्षी काही पालकांना नव्याने सांगावे लागते. खुल्या प्रवर्गातील, वार्षिक 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. आपल्या तुकडीला ती लागू आहे का, ते खिडकीवर विचारावे. मुलींना आता शिक्षण फुकट झाले, असेही लोक काउंटरवर येऊन सांगतात. 2024 मध्ये जाहीर झालेली ती पूर्ण शुल्कमाफी व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या, ठरावीक प्रवर्गांत आणि उत्पन्नमर्यादेत बसणाऱ्या मुलींसाठी आहे; बी.ए. किंवा बी.कॉम.ला ती गृहीत धरून चालू नये. आणि नाव सगळीकडे एकसारखे लिहा. गावकर या एका आडनावाची रोमन लिपीतील तीन-तीन स्पेलिंगे मी रोज पाहते. आधारवर एक, गुणपत्रिकेवर दुसरे, बँकेत तिसरे. शिष्यवृत्तीची रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यात येते आणि श्रेयांक अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या ऑनलाइन खात्यात जमा होतात, तेव्हा या तीन स्पेलिंगांचा हिशेब कोणीतरी मागतोच.

श्रेयांक म्हणजे क्रेडिट, विषय पूर्ण केल्यावर मिळणारे अंक. राज्यातील संलग्न महाविद्यालयांत नवे शैक्षणिक धोरण 2024-25 पासून लागू झाले आणि माझ्या वेळची तीन वर्षांची सरळ वाट बदलली. एक वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि चौथे वर्ष केले तर ऑनर्स, असे टप्पे आले. मेजर (मुख्य), मायनर (दुय्यम), ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेतला ऐच्छिक) अशी विषयांची मांडणी आली. कागदावर निवड भरपूर आहे, पण लहान महाविद्यालयात ती हजर असलेल्या माणसांपुरतीच असते, आणि वाणिज्याच्या विद्यार्थ्याला ओपन इलेक्टिव्ह म्हणून जे मिळते ते बहुधा शेजारच्या वर्गात आधीपासून शिकवले जात असलेलेच असते. यावर एक उपाय आहे आणि तो फारसे कोणी वापरत नाही. ‘स्वयम्’ या सरकारी संकेतस्थळावरील अभ्यासक्रमांतून एकूण श्रेयांकांपैकी 40 टक्क्यांपर्यंत श्रेयांक मिळवण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाने दिली आहे. अट इतकीच की महाविद्यालयाची संमती आधी घ्यावी आणि परीक्षेचे केंद्र कुठे येईल ते पाहून ठेवावे; ते आपल्या तालुक्यात नसणार.

ग्रंथालयाबद्दल फार लिहीत नाही. ग्रंथपालांना ‘एन-लिस्ट’चे लॉगिन मागा. महाविद्यालयाने त्याची वर्गणी भरली असेल तर सहा हजारांहून अधिक ई-नियतकालिके मोबाइलवर वाचता येतात, आणि ती वर्गणी भरूनही लॉगिन मागायला कोणी विद्यार्थी फिरकत नाही.

नव्या रचनेत मला मनापासून पटलेली गोष्ट म्हणजे फील्ड प्रोजेक्ट आणि ऑन-जॉब ट्रेनिंग, कारण इथे आमच्या मुलांची बाजू भक्कम आहे. प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याने भरती-ओहोटीच्या वेळा पाहून कातळावर उतरावे, वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याने ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, जावे. इतिहासाच्या विद्यार्थ्यापुढे तर ताट वाढलेले आहे. मालवण तालुक्यातील कुडोपीच्या कातळशिल्पांचा समावेश 2022 मध्ये युनेस्कोच्या प्रस्तावित यादीत झाला, आणि 2025 मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या मराठ्यांच्या किल्ल्यांत सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग हे आपले दोन्ही आले. असे असताना ‘सोशल मीडियाचे परिणाम’ या विषयावर इंटरनेटवरून उतरवलेली चाळीस पाने जोडणारी मुले पाहिली की मला फणसाखालची ती वही आठवते.

ऑन-जॉब ट्रेनिंगसाठी मुले आमच्या पतसंस्थेतही येतात. बहुतेकांना शेवटच्या दिवशीची सही आणि शिक्का हवा असतो. एक मुलगा मात्र पहिल्या आठवड्यात पिग्मी एजंटांच्या (रोजची छोटी ठेव घरोघर गोळा करणाऱ्यांच्या) डायऱ्या आणि खतावणी जुळवायला बसला, आणि चौथ्या दिवशी माझ्याकडे येऊन हळूच म्हणाला, “मॅडम, हय दोन रुपयांचो फरक फिरता हा.” दोन रुपये एका डायरीतून दुसरीत जात होते आणि महिनाअखेरीला पुन्हा बरोबर बसत होते. तो फरक शोधायला त्याला दीड दिवस लागला. एका एजंटाचा सात हा एकासारखा दिसत होता आणि दुसऱ्याच्या खात्याचा क्रमांक त्यामुळे चुकत होता. त्याला पुढे शिफारसपत्र देताना मला काही शोभेचे लिहावे लागले नाही.

राष्ट्रीय सेवा योजनेत नाव जरूर द्यावे. वर्षाला 120 तास आणि सात दिवसांचे निवासी शिबिर, असे दोन वर्षांत 240 तास भरावे लागतात. आम्ही शिबिरात ओहोळावर वनराई बंधारा घातला होता. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरायची, तोंडे सुतळीने शिवायची आणि गुडघाभर पाण्यात साखळी करून ती थरावर थर रचायची. पहिला थर वाहून गेला, कारण आम्ही पोती आळसाने अर्धीच भरली होती. गावातल्या एका आजोबांनी काठावर बसून विडी संपेपर्यंत ते पाहिले आणि मग स्वतः पाण्यात उतरून पोते कसे भरायचे ते दाखवले. ज्यांच्याशी एरवी कधी बोललेही नसते, अशा वर्गातल्या मुलांशी माझी ओळख त्या सात दिवसांत झाली. युवा महोत्सवाचेही तसेच. लहान महाविद्यालयात एकांकिकेला माणसेच कमी पडतात, त्यामुळे ज्याला कधी स्टेज मिळाले नसते त्याला थेट मोठी भूमिका मिळते.

हजेरीची अट 75 टक्क्यांची आहे, आणि आमच्याकडे ती सांभाळणे वाटते तितके सोपे नाही. जून-जुलैत पावसाने रस्ता बंद, नाहीतर जिल्हाधिकाऱ्यांची सुट्टी. यांत्रिक मासेमारीची बंदी 31 जुलैला संपते आणि ऑगस्टमध्ये नौका समुद्रात जाऊ लागल्या की रापणकरांची (किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्यांची) आणि ट्रॉलरवाल्यांची मुले वर्गातून गळू लागतात. मग गणपती आणि त्यांच्या मागोमाग घरोघरची भजने. दिवाळीनंतर जत्रा आणि रात्रभराचे दशावतार, ज्यांच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला प्राध्यापकही जांभया देत असतात. मग शिमगा, आणि परीक्षा तोंडावर असताना बागेत आंब्याच्या पेट्या. यातले काहीही सोडा असे मी म्हणणार नाही, मीही सोडले नव्हते. पण कोणते दिवस जाणार हे इथे आधीच माहीत असते, तेव्हा डिसेंबर-जानेवारीतील साधे, कोरडे दिवस फुकट घालवू नयेत, आणि बागेत किंवा होडीवर जाणे अटळ असेल तर ते संबंधित सरांना आधी सांगावे. लहान महाविद्यालयात सरांना तुमची बाग कुठे आहे हे ठाऊक असते, त्यामुळे खोटी आजारपणे तशीही चालत नाहीत.

गेल्या शनिवारी भाचीला घेऊन मी महाविद्यालयात गेले. माझे भाऊसाहेब कधीच निवृत्त झाले. खिडकीत आता एक तरुण मॅडम बसतात आणि त्यांच्यासमोर संगणक आहे. प्रश्न भाचीनेच विचारायचे असे ठरले होते. तिने दोनदा घसा साफ केला आणि विचारले, “मॅडम, अर्थशास्त्राला कायम प्राध्यापक आहेत का?” मॅडमनी मान वर करून तिच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिले. “एक कायम आहेत, एक तासिकेवर. हिशेबशास्त्राला दोघे कायम. कोणी सांगितलं हे विचारायला?” भाचीने माझ्याकडे बोट दाखवले. मॅडम हसल्या, अर्ज दिला आणि सोमवारी उत्पन्नाचा नवा दाखला घेऊन यायला सांगितले. तो मे महिन्यातच काढलेला होता, पण घरी राहिला होता.

परत येताना स्टँडवर तिने वहीच्या मागच्या पानावर गाड्यांच्या वेळा उतरवून घेतल्या. पाच वीसच्या गाडीपुढे तिने प्रश्नचिन्ह घातले आहे, कारण ती पावसात आमच्या वाडीपर्यंत येते की पुलाअलीकडूनच वळते, हे फलकावर लिहिलेले नाही आणि त्या गाडीचा कंडक्टर अजून यायचा होता.